मालकाची जागा

शनिवार, १० जानेवारी

आरामदायी गाडी म्हणजे नेमकी कशी? आज हा प्रश्न मला उन्मेषने विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. बी.एस्सी.ला पहिला वर्ग, परळच्या प्रयोगशाळेत चार वर्षं मसाल्यातली भेसळ शोधते आहे, आणि एवढं साधं सांगता येईना.

उन्मेष लोअर परळला जुन्या मिलच्या भिंतीमागे वापरलेल्या गाड्या विकतो. माझ्याच वयाचा असेल. मला म्हणाला, "मॅडम, सगळेच सांगतात, लांबच्या प्रवासाला कम्फर्टेबल पाहिजे, अ‍ॅव्हरेज पण पाहिजे. पण कम्फर्ट कोणाला? चालवणाऱ्याला की बसणाऱ्याला?"

"बसणाऱ्याला," मी लगेच म्हणाले. "माझ्या वडिलांना. मागच्या सीटवर."

"मग त्यांनाच आणा ना. वहीत लिहून सीट मऊ होते का?"

ही वही म्हणजे माझं शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकलचं जर्नल. निम्मं कोरं राहिलं होतं. कागद वाया घालवणं जमत नाही, म्हणून गाडीचं सगळं यातच लिहिणार आहे.

उद्देश: नानांना कंबर न दुखता गावी नेणे.

नाना तीस वर्षं पेडर रोडच्या एका कुटुंबाकडे ड्रायव्हर होते. त्यांच्या साहेबांना महाबळेश्वर, गोवा, नाशिक सगळीकडे नेलं. आम्हाला गावी न्यायला मात्र एसटी. अडीच वर्षांपूर्वी मणका सरकला, ऑपरेशन झालं, आणि डावा पाय घोट्याखाली बधिर राहिला. क्लच दाबलेला कळत नाही. नोकरी सुटली. एसटीत किंवा रेल्वेच्या बाकावर दहा तास बसणं आता शक्यच नाही. गेल्या मे महिन्यात मी भाड्याची मोठी गाडी केली होती. वडखळला पोचेपर्यंत नाना घामाने भिजले, तोंडाचा रंग गेला, म्हणाले, "श्रेया, मागे फिरूया गो." भाड्याच्या गाड्यांच्या सीटा बसलेल्या असतात. तेव्हाच ठरवलं, आपली गाडी घ्यायची आणि ती मी चालवायची.

साहेब मागे डाव्या बाजूला बसायचे. नाना त्या सीटला "मालकाची जागा" म्हणतात. त्या जागेवर मला नानांना बसवायचं आहे. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण आरामदायी म्हणजे काय याचं अर्धं उत्तर बहुतेक हेच.

उन्मेषने एक ऑटोमॅटिकही दाखवली. मी नको म्हटलं. पेट्रोल जास्त पिते असं लॅबमध्ये सगळे म्हणतात. शिवाय क्लच शिकायला मी दोन महिने घातलेत आणि लायसनच्या परीक्षेत एकदा नापास झाले आहे. ते काय उगाच?

रविवार, ११ जानेवारी

घरी सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "गाडी? आणि ठेवतलंस खय? डोक्यार?"

"सत्तावीस नंबर आहे ना."

आमची चाळ पाडून नवी इमारत झाली, तेव्हा खोलीच्या बदल्यात चौदाव्या मजल्यावर घर मिळालं आणि चिठ्ठीत पार्किंगची जागा निघाली, क्रमांक सत्तावीस. आईने तिथे एकदा कोकमं वाळत घातली, तर सेक्रेटरींचं पत्र आलं: पार्किंगमध्ये फक्त वाहनच ठेवावे. तेव्हापासून ती जागा रिकामी आहे. नाना रोज सकाळी खाली जाऊन ती झाडतात. दुपारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून तिथेच बसतात. वर पंखा असताना खाली का बसतात कळत नाही. बहुधा चौदाव्या मजल्याची अजून सवय झालेली नाही.

गाडीचं ऐकून नाना पानं मांडायला लागले. जेवताना एकदम म्हणाले, "दिवसाउजेडी बघायची. पिवळ्या दिव्याखाली कुठलीही गाडी नवी वाटते."

शनिवार, १७ जानेवारी

आज नानांना घेऊन गेले. काय सांगू!

पांढरी गाडी, दोनच वर्षं वापरलेली. मला फारच आवडली होती. नाना भोवती फिरले. काठी माझ्याकडे दिली, दार उघडून वाकले आणि ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढत राहिले, अगदी शेवटपर्यंत. पट्ट्याच्या शेवटच्या चार बोटांवर मातकट रेघ होती.

"ही कुठल्या पुरात होती?" नानांनी विचारलं.

उन्मेष म्हणाला, "काय काका, पूर कसला, धूळ असेल."

"धुळीला रेघ नसते पोरा. पाण्याला असते. सीट धुतली, कार्पेट बदललं, पट्टा गुंडाळलेला राहिला."

उन्मेषने स्वतः पट्टा ओढून पाहिला. खरंच त्याला ठाऊक नव्हतं, चेहराच पडला. मग आमच्या मागे मागे फिरायला लागला. नानांनी एका गाडीचा मीटर अठ्ठावीस हजार पाहिला, मग ब्रेकच्या पेडलचं रबर पाहिलं, ते गुळगुळीत. "मीटर मागे फिरवता येतो, रबर नाही." टायरवरचा आकडा वाचून तो कुठल्या वर्षाचा ते सांगितलं. बॉनेट उघडं ठेवून इंजिन सुरू केलं आणि तेलाच्या टोपणावर एक रुपयाचं नाणं ठेवलं. नाणं थरथरत खाली पडलं. "नको," म्हणाले.

तिथे आलेले आणखी दोघे गिऱ्हाईक त्यांची गाडी सोडून नानांचं बघत उभे राहिले. एकाने विचारलं, "तुम्ही मेकॅनिक का?" नाना म्हणाले, "नाय, ड्रायव्हर."

इथे एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ही वही कुणी वाचणार नाही. अकरावीच्या प्रवेश अर्जात "वडिलांचा व्यवसाय" या रकान्यात मी "नोकरी" असं लिहिलं होतं. पदवीच्या अर्जातही तेच. खोटं नव्हतं. पण आज नानांनी तो शब्द सगळ्यांसमोर ज्या आवाजात म्हटला, तो ऐकून मला त्या दोन्ही अर्जांची आठवण झाली.

शेवटी एक चंदेरी गाडी नानांना पटली. मी चालवणार म्हणून पुढे झाले, तोवर नानांनी पटकन मागचं दार उघडलं आणि माझ्यासाठी धरून उभे राहिले. हात सवयीने गेला असणार. मला इतकं वाईट वाटलं. म्हटलं, "नाना, आता दार मी उघडायचं. तुम्ही बसा मालकाच्या जागेवर."

ते बसले. मी वरळीपर्यंत नेऊन आणली. परतल्यावर विचारलं, कशी वाटली? म्हणाले, "ठीक. मागे जरा दम कोंडतो."

निरीक्षण: चंदेरी, मागच्या काचा लहान. बाद.

सोमवार, १९ जानेवारी

आत्याचा फोन आला. गंगुबाई आत्या नानांची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आई लवकर गेली म्हणून नानांना तिनेच वाढवलं. दिवाळीत ओटीवरून पडली, मांडीचं हाड मोडलं, आता खाटेवरून उठते ती धरून धरून. व्हिडिओ कॉल लावून देते म्हटलं तर, "फोनात तोंड कसला बघतलंय? रघु येतलो काय ता सांग."

नाना म्हणाले, "येतंय गो आका. पोरगी गाडी घेता."

"गाडी घेता? आमची श्रेया?" आत्याचा आवाज एवढा चढला की मला खोलीच्या दारात ऐकू आला. मग म्हणाली, "मगे लवकर ये. माझा काय खरा नाय."

नाना फोन ठेवून खाली गेले, सत्तावीस नंबरवर.

शनिवार, २४ जानेवारी

डिझेल, करडी. चालवायला जड, पण अ‍ॅव्हरेज उत्तम. एका टाकीत गाव गाठेल. मागे पाय पसरायला भरपूर जागा, मी स्वतः टेप लावून मोजली. कमरेला उशी ठेवून नानांना बसवलं आणि फ्रीवेवरून चेंबूरपर्यंत नेलं. मी आरशात बघत होते. नानांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती आणि त्यांचा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता. विचारलं, पायात गोळा येतोय का? नाही म्हणाले.

उतरल्यावर पाणी मागितलं. डिझेलचा वास येतो म्हणाले. मला आला नाही. उन्मेषलाही आला नाही.

मी कागदपत्रं बघायला आत गेले. बाहेर आले तर नाना त्याच गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले. आरसा नीट करत होते. पंधरा मिनिटं झाली असतील. "सीट तपासत होतो," म्हणाले, "तुला उंच पडेल." चेहरा एकदम टवटवीत होता. दुखणं कसं येतं आणि कसं जातं, काही समजत नाही. डॉक्टरांना विचारायला हवं.

निष्कर्ष: डिझेल बाद. वास.

सोमवार, २६ जानेवारी

खाली झेंडावंदन झालं. नंतर जिलेबी. सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय श्रेया, सत्तावीस भरणार म्हणे?" मी म्हटलं, "हो. तीस वर्षं आमच्या नानांनी दुसऱ्यांना मागे बसवून फिरवलं. आता नाना मागे बसणार, मी पुढे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वैशालीकाकूंनी डोळे पुसले. माझ्याही अंगावर काटा आला.

नाना जिलेबीची बशी हातात धरून हसत होते. मला फार अभिमान वाटला.

रविवार, १ फेब्रुवारी

आज बिनसलं.

निळी गाडी. पेट्रोल, पाच वर्षं, एकाच मालकाची, सर्व्हिसची सगळी बिलं लावलेली. नानांनी नाणं ठेवलं, ते हललंसुद्धा नाही. ते स्वतः म्हणाले, "ह्या गाडीत खोट नाही." मला वाटलं, संपलं सगळं, मिळाली.

आईलाही आणलं होतं. उन्मेष म्हणाला, "आज लांब न्या, पनवेलच्या अलीकडून वळून या. मी नाही येत, काका आहेत म्हणजे काळजी नाही." नाना मागे डावीकडे, आई त्यांच्या शेजारी. मानखुर्द सोडलं आणि नाना म्हणाले, "जरा बाजूला घे." खाडीचा पूल येत होता, थांबता येईना. पुलापलीकडे थांबवली. नाना उतरले, कठडा धरून वाकून उभे राहिले. आई त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

येताना मी चिडले. चिडायला नको होतं. म्हटलं, "नाना, आता या गाडीत काय खोट आहे? खिडकी मोठी आहे, वास नाही, सीट मऊ आहे. तुम्हाला गावी जायचंच नाही का?"

नाना म्हणाले, "गाडीत नाही खोट."

"मग कशात आहे?"

नाना खिडकीची काच खाली करायला लागले. गाडी परत दिली. उन्मेषने माझ्या तोंडाकडे बघून चहा मागवला.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

पाच दिवस वही उघडली नाही. लॅबमध्ये हळदीचे चौदा नमुने. डोकं तिथेही लागत नाही.

मला राहून राहून वाटतंय की नानांना गाडीचाच कंटाळा आलाय. तीस वर्षं गाडीत गेली, आता गाडी नको, हे त्यांना माझ्या तोंडावर सांगवत नाही. असं असेल तर मी त्यांच्यासाठी म्हणून जे करते आहे ते माझ्याच हौसेसाठी.

उन्मेषचा मेसेज आला: "मॅडम, ठाकूरद्वारला एक आजी स्वतःची गाडी विकतायत. आमच्याकडे नाही देत, घेणारा माणूस बघून देणार म्हणतात. ऑटोमॅटिक आहे, तुम्हाला नकोय माहितीये. पण काकांना दाखवा, त्यांना बघून आजी देतील." यात त्याला एक पैसा मिळणार नाही. मी तसं लिहिलं. त्यावर त्याने उत्तर पाठवलं, "काकांकडून सीटबेल्ट शिकलो, त्याची फी समजा."

रविवार, ८ फेब्रुवारी

ठाकूरद्वारच्या वाडीत आनंदीताई एकट्या राहतात. शाळेत गणित शिकवायच्या, बहात्तर वर्षांच्या. गाडी वाडीच्या तोंडाशी, कापडी आच्छादन घातलेली, लाल रंगाची, लहानशी. नानांनी आच्छादन काढलं तेव्हा ते नीट घडी करून ठेवलं. आनंदीताई ते बघत होत्या.

तपासणी पाऊण तास. पट्टा, रबर, टायर, नाणं. नाणं हललं नाही. नानांनी फक्त एवढंच विचारलं, "पुढच्या डाव्या दाराला कुठे घासली?"

"गेल्या गणपतीत, मांडवाच्या बांबूला," आनंदीताई म्हणाल्या. "कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, रंग दिल्यावर. बसा, चहा टाकते."

चहा पिताना त्यांनी नानांना म्हटलं, "मग चालवून बघा ना."

"मी नाही. मुलगी चालवते. माझा डावा पाय गेला."

आनंदीताईंनी कप खाली ठेवला. "अहो, माझा डावा गुडघा गेल्याला सात वर्षं झाली. म्हणून तर ही गाडी घेतली. हिला डावा पाय लागतोच कुठे?"

नाना बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मुलीची इच्छा आहे, मी मागे बसावं."

"आणि तुमची?"

मी पटकन म्हटलं, "नानांनी खूप वर्षं चालवली हो. आता आराम." आनंदीताईंनी माझ्याकडे बघितलं, वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर बाई बघतात तसं.

मी गाडी चौपाटीपर्यंत नेऊन आणली. क्लच नाही म्हणून डावा पाय उगाच शोधत होता. नाना मागे. रस्ता दहा मिनिटांचा, म्हणून काही झालं नाही. निघताना आनंदीताई म्हणाल्या, "पुढच्या रविवारपर्यंत मी कुणाला दाखवत नाही."

सोमवार, ९ फेब्रुवारी

संध्याकाळी आईसोबत भाजी निवडत बसले होते. म्हटलं, "आई, नानांना गाडी नकोच आहे ना?"

आईने शेंग मोडली. "तुका काय वाटता, तेंका गाडी नको? अगो, तेंका मागची सीट नको."

"का?"

"गाडी लागता तेंका."

मला हसूच आलं. "नानांना? तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला?"

"चालवताना नाय लागत. मागे बसले की लागता. पयल्यापासून. आमच्या लग्नाच्या गाडीत ओकले होते." आई स्वतःच हसायला लागली आणि मग तिचा आवाज बदलला. "ह्या कोणाक सांगतले? ड्रायव्हराक गाडी लागता म्हणून? तू इतक्या हौसेन सगळ्यांपुढे सांगितलंस, नाना मागे बसणार. तेंनी माका सांगितल्यानी, पोरीचा मन मोडू नको. होयत सवय."

मी शेंगा खाली ठेवल्या. आई उठली, देव्हाऱ्यातल्या दत्ताच्या तसबिरीमागे हात घातला आणि एक कार्ड माझ्या हातात दिलं. नानांचं लायसन. गेल्या वर्षीच नवीन करून आणलेलं, आणखी चार वर्षं चालणारं. फोटोत नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला आहे.

"कशाला केलं हे?" मी विचारलं. प्रश्न किती मूर्खपणाचा होता ते विचारल्यावर कळलं.

वडखळचा घाम. करड्या गाडीत दाबला जाणारा पाय, तो ब्रेक मारत होता. खुर्ची टाकून सत्तावीस नंबरवर बसणं. सगळं मी लिहून ठेवलं आहे, तारखांसकट, माझ्याच अक्षरात. निरीक्षणं बरोबर होती. निष्कर्ष एकही नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

अर्धी रजा घेऊन डॉक्टरांकडे गेले, एकटीच. सगळं विचारलं. ते म्हणाले, "उजव्या पायाची ताकद उत्तम आहे, संवेदना पूर्ण आहे. ऑटोमॅटिक चालवायला हरकत नाही. दीड तासाने उतरून पाच मिनिटं चालायचं. आणि कमरेचं म्हणाल तर ड्रायव्हरची सीट मागच्यापेक्षा बरी, पाठीला आधार असतो, मागे-पुढे सरकते. हे मी त्यांना गेल्या वर्षी लायसनच्या सर्टिफिकेटच्या वेळीच सांगितलं होतं. तुम्हाला बोलले नाहीत?"

नाही बोलले. गेल्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं होतं. पहिल्या दिवशी पेढे आणले होते.

अ‍ॅव्हरेजचंही फोन करून विचारलं. आनंदीताईंनी सात वर्षांचा हिशेब वहीत ठेवलाय, प्रत्येक टाकीला किती किलोमीटर ते. निळ्या गाडीपेक्षा फार कमी नाही. लॅबमधल्या लोकांनी सांगितलं म्हणून मी न तपासता पहिल्याच दिवशी ऑटोमॅटिक बाद केली. मसाला असता तर असं केलं नसतं.

रविवार, १५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. आईही आली, साबुदाण्याची खिचडी डब्यात घेऊन, आनंदीताईंसाठीसुद्धा.

वाडीच्या तोंडाशी गेल्यावर नाना सवयीप्रमाणे मागच्या दाराकडे वळले. मी किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"काय?"

"तुम्ही चालवून बघा. मला जमत नाही. डावा पाय उगाच मध्ये येतो."

"तुला जमतं. परवा चौपाटीला नीट वळवलीस."

"नाना, घ्या ना."

ते आईकडे वळले. आई आनंदीताईंशी खिचडीबद्दल बोलत होती, फारच जोरात बोलत होती. नाना मला म्हणाले, "तुझ्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही."

मग किल्ली घेतली. काठी मागच्या सीटवर आडवी ठेवली. मालकाच्या जागेवर, आज तिथे काठी. बसले, सीट दोन खाचा मागे घेतली, आरसा, मग बाजूचे आरसे, मग बेल्ट. डावा पाय उचलून अलगद बाजूला ठेवला. मी डावीकडे बसले. गिरगावातल्या त्या गल्लीत एका बाजूला हातगाडी, दुसऱ्या बाजूला टेम्पो, मध्ये जेमतेम वाट. मी असते तर टेम्पो हलेपर्यंत थांबले असते. नानांनी गाडी त्यातून नेली. त्यांच्या हातांत घाई नव्हती. टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून म्हटलं, "क्या बात है चाचा!"

मरीन ड्राइव्हला लागलो तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. मी सव्वीस वर्षांची आहे. नानांना गाडी चालवताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. शाळेत असताना एकदा पेडर रोडला त्यांच्या साहेबांची गाडी सिग्नलला दिसली होती, काचेच्या आत नानांची फक्त टोपी दिसली होती. मैत्रिणी सोबत होत्या. मी हात केला नव्हता.

"सिग्नल सुटायच्या आधी पुढच्या गाडीचं चाक बघायचं," नाना म्हणाले. "माणूस बघायचा नाही. माणूस फसवतो, चाक नाही फसवत."

मी वही काढली. "लिहू?"

"लिही की."

परतल्यावर आनंदीताईंनी विचारलं, "कशी वाटली?" नाना म्हणाले, "आरामदायी आहे." आनंदीताईंनी दुसरी किल्ली आणि सात वर्षांची वही दोन्ही माझ्या हातात दिल्या.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

गाडी सत्तावीस नंबरवर उभी आहे. नानांनी खुर्ची वर आणली. ती आता गॅलरीत असते.

नाव बदलण्याचे कागद जमा झाले. नाना सह्या चष्मा न लावताच करतात, मी बोट ठेवते तिथे. "साहेबांच्या गाडीच्या कागदांना काय वाचायचं," असं ते पूर्वीपासून म्हणत आलेत. मी मुद्दाम चष्मा दिला नाही.

आणि सेक्रेटरींना खरं सांगून टाकलं, मी सव्वीस जानेवारीला जे बोलले ते चुकीचं होतं, नाना मागे बसणार नाहीत. त्यांना वाटलं, आमच्या घरात भांडण झालं.

रविवार, १ मार्च

गावाहून लिहिते आहे, आत्याच्या ओटीवर.

काल पहाटे निघालो. नाना माणगावपर्यंत, मग मी चिपळूणपर्यंत, मग परत नाना. दर दीड तासाने पाच मिनिटं, आई घड्याळ लावून बसली होती. वडखळ मागे पडल्यावर आईने आम्हा दोघांना एकेक लाडू दिला. मी चालवत असताना नाना पुढे डावीकडे बसले. तिथून रस्ता दिसतो, म्हणून लागत नाही म्हणाले. तरी त्यांचा उजवा पाय दोनदा दाबला गेला. दोन्ही वेळा मी ब्रेक खरंच उशिरा मारला होता.

खारेपाटणच्या पुढे आत वळलो तेव्हा ऊन कललं होतं. आत्या ओटीवर खुर्चीत, मांडीवर घोंगडी. तिला लांबचं नीट दिसत नाही. गाडी अंगणात थांबली, तशी आतल्या सुनेला हाक मारून म्हणाली, "अगो, ड्रायव्हराक आधी पाणी दे! लांबसून इलो तो."

नाना उतरले, काठीवर टेकत ओटीपर्यंत गेले आणि तिच्या पायांपाशी बसले. "दे पाणी, आका. ड्रायव्हर मीच."

आत्याने त्यांचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. बराच वेळ चाचपत होती. मग त्यांच्या डोक्यात एक टपली मारली. "तीन वर्सां लागली तुका?"

रात्री जेवताना तिने विचारलं, "गाडी कोणाची रे, रघु?"

"पोरीची," नाना म्हणाले, आणि भाताकडे बघत हसले. "माझ्या पोरीची."

मी त्यांच्या पानात आणखी भात वाढला. सोसायटीच्या पार्किंगच्या अर्जाची प्रत याच वहीत ठेवली आहे, मूळ अर्ज निघण्याआधी शुक्रवारी देऊन आले. आता नाना अंगणात गाडी पुसत आहेत. चष्मा त्यांच्या खिशात आहे. वही मिटली की ती प्रत त्यांना वाचायला देणार.

वाहनाचे मालक: रघुनाथ सखाराम घाडी.
वाहनाचे चालक: रघुनाथ सखाराम घाडी.
व्यवसाय: ड्रायव्हर.

खाली "अन्य चालक असल्यास" अशी एक ओळ होती. तिथे माझं नाव लिहिलं.